एकच मसाला, तिकडे कॅन्सरचा इशारा, इकडे नुसता हिरवा ठिपका. कुठल्या लेबलवर विश्वास ठेवायचा?

मुलुंडची_मैना
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी नणंद सॅन होजेला असते. तिने परवा एका मसाल्याच्या पाकिटाचा फोटो पाठवला. कंपनी आपल्या इथलीच, नाव मुद्दाम लिहीत नाही. पाकिटाच्या मागे चौकटीत ठळक अक्षरात इशारा आहे, की हा पदार्थ खाल्ल्याने शिसं वगैरे रसायनं पोटात जाऊ शकतात आणि त्याने कॅन्सर, जन्मतः व्यंग किंवा प्रजननाला इजा होते हे कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक आहे. तोच मसाला माझ्या डब्यात आहे, नाक्यावरच्या दुकानातून आणलेला. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, हिरवा ठिपका आहे, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर आहे, शिशाचं नावसुद्धा नाही.

सासूबाई म्हणतात तिकडचा माल वेगळा असेल. नवरा म्हणतो अमेरिकन लोक घाबरट. मी रोज आमटीत घालते हो हा मसाला, घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. नक्की कोण खोटं बोलतंय? आणि आपण सामान्य माणसाने करायचं काय?

विरारफास्ट
कॅलिफोर्नियाला ठाऊक आहे. महाराष्ट्राला अजून कळवलेलं नाही.

पोटोबा
खिक्! विरारफास्ट पहिल्याच स्टेशनला चढले.

सध्या_सनीवेल
ताई, घाबरू नका. इथे कॅलिफोर्नियात हा इशारा पार्किंगच्या गॅरेजपासून हॉटेलच्या दारापर्यंत सगळीकडे असतो, पहिल्या महिन्यात माणूस दचकतो मग दिसायचाच बंद होतो. आमच्या देशी दुकानात अर्ध्या शेल्फवर आहे. मी गेली कित्येक वर्षं खातोय.

परीक्षानळी
मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये नोकरी केली आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

हा जो इशारा आहे तो तिथल्या 'प्रपोझिशन ६५' नावाच्या १९८६ सालच्या कायद्यामुळे येतो. लोकांनी मतदानाने पास केलेला कायदा. सरकार एक यादी ठेवतं, त्यात आता नऊशेच्या वर रसायनं आहेत, आणि यातलं काही ठरावीक मात्रेच्या वर ग्राहकापर्यंत जाणार असेल तर आधी सांगा एवढंच कायदा म्हणतो. विकू नका असं म्हणत नाही. शिशासाठी ही मात्रा दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ती काढताना ज्या पातळीला प्रजननावर परिणाम दिसत नाही ती पातळी घेऊन तिला १००० ने भागतात, त्यामुळे आकडा अतिशय कडक येतो.

आता आपलं बघा. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम. म्हणजे एका ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. समजा दिवसभरात दोन ग्रॅम हळद पोटात गेली आणि ती मर्यादेच्या टोकावर असली, तर २० मायक्रोग्रॅम. तिथल्या रेषेच्या चाळीसपट, आणि इथे पूर्ण कायदेशीर. प्रत्येक हळदीत एवढं असतं असं अजिबात म्हणत नाहीये, चांगल्या हळदीत पुष्कळ कमी निघतं. पण १ पीपीएमवाली हळदसुद्धा इथे पहिल्या वर्गात पास होते आणि तिथे तिला इशारा लागतो.

त्यामुळे मैनाताई, खोटं कोणीच बोलत नसेल. दोन्ही पाकिटं आपापल्या गावचा कायदा पाळतायत.

विरारफास्ट
म्हणजे हळदीकुंकवाला जाताना आता वाणाबरोबर लॅबचा रिपोर्ट.

सध्या_सनीवेल
परीक्षानळी +१. आणि एक भर घालतो. इथे सरकारच केस करतं असं नाही, कोणीही खाजगी माणूस कंपनीवर दावा लावू शकतो आणि दंडातला २५ टक्के हिस्सा त्याला मिळतो. दंड दिवसाला अडीच हजार डॉलरपर्यंत. काही वकिलांचा हाच धंदा. त्यामुळे कंपन्या तपासत बसण्यापेक्षा सरळ इशारा छापून मोकळ्या होतात. कॉफीचं तर हसंच झालं होतं, बिया भाजताना अ‍ॅक्रिलामाइड हे त्या यादीतलं रसायन तयार होतं म्हणून २०१८ मध्ये कोर्टाने कॉफीला इशारा लावा म्हटलं, आणि २०१९ मध्ये सरकारनेच नियम करून कॉफीला त्यातून काढलं.

आईची_धांदल
हे सगळं ठीक आहे हो पण "घाबरू नका" असं इतक्या सहज कसं म्हणता? शिशाची मुलांसाठी सुरक्षित पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. वकील पैसे खातात म्हणून शिसं कमी विषारी होतं का?

परीक्षानळी
नाही होत. मुद्दा बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की इशारा असणं म्हणजे विष आणि नसणं म्हणजे अमृत असं वाचू नका. किती आहे हा प्रश्न विचारा, आणि तो आकडा दोन्ही पाकिटांवर नाही.

गिरणगावकर
आम्ही लालबागला लहानाचे मोठे झालो, वाण्याकडून कागदाच्या पुडीत बांधलेला मसाला यायचा, त्यावर ना ठिपका ना नंबर. आई शिमग्याच्या आधी मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणायची. आम्हाला काय झालं? सत्तरी गाठली. ही सगळी नवीन पिढीची भीती.

पोटोबा
काका, ज्यांना झालं ते धाग्यावर लिहायला आलेले नाहीत.

गिरणगावकर
हं. बोलतोस बरोबर पण तिखट बोलतोस.

आईची_धांदल
माझा मुद्दा मसाल्यापेक्षा गोळ्या-बिस्किटांचा आहे. युरोपात २०१० पासून सहा कृत्रिम रंगांसाठी लेबलवर लिहावंच लागतं की मुलांच्या चंचलपणावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. टार्ट्राझीन म्हणजे १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसीन १२२, पाँसो १२४ हे त्यातलेच, आणि हे चारही आपल्याकडे चालतात. आपल्या पाकिटावर काय असतं? परवानगी असलेले कृत्रिम रंग, कंसात नंबर. बास. ज्या आईला नंबर पाठ नाहीत तिने काय समजायचं?

गंमत ऐका. क्रॉफर्ड मार्केटला इम्पोर्टेड गोळ्यांचं पाकीट घेतलं होतं, घरी येऊन इम्पोर्टरचं स्टिकर हळूच सोलून काढलं तर खाली तीच ओळ! चंचलपणावाली. स्टिकर बरोब्बर तिच्यावर.

ग्राहकमित्र_पार्ले
हे चूक आहे. नियमाप्रमाणे आयातदाराचं स्टिकर मुख्य लेबलच्या शेजारी लागलं पाहिजे, मूळ मजकूर झाकायला नाही. आणि ते सहज न निघणारं हवं, तुमच्या हातात निघालं यातच सगळं आलं. फोटो आहे का? असेल तर जपून ठेवा, खाली सविस्तर लिहितो.

पुणेरी_चष्मा
त्या रंगांबद्दल दुसरी बाजूही मांडायला हवी. तो नियम साऊदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासावरून आला. युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये तो तपासला आणि परिणाम छोटा आहे, पुरावा मर्यादित आहे असं सांगितलं. तरी संसदेने इशारा लावला. म्हणजे तिथेही शास्त्रज्ञ एक म्हणतात आणि लेबल दुसरंच म्हणतं. माझं वैयक्तिक मत, आपल्याकडे शास्त्र बघून इशारा लावला नाही असं मात्र समजू नये, कोणी बघितलंच नसावं.

विरारफास्ट
पुण्याचे असून दोन्ही बाजू मांडल्या. स्क्रीनशॉट घेतलाय.

पुणेरी_चष्मा
आमच्याकडे स्क्रीनशॉट दुपारी एक ते चार बंद असतात.

पोटोबा
विषय मसाल्याचा आहे तर २०२४ विसरलात का सगळे? एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्या नामांकित मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं म्हणून माल परत घ्यायला लावला होता. किटाणू मारायला वापरतात ते. तेव्हा वाचलं होतं की युरोपात मसाल्यात त्याची मर्यादा ०.१ पीपीएम आणि अमेरिकेत चक्क ७. सत्तरपट फरक! म्हणजे शिशाच्या बाबतीत कॅलिफोर्निया कडक आणि या गॅसच्या बाबतीत अमेरिका ढिली. मग कोणाचं ऐकायचं? जाता जाता, त्या महिन्यात आमच्या सोसायटीत मिक्सरचा आवाज वाढला होता, सगळ्या घरी ताजा मसाला.

परीक्षानळी
आकडे बरोबर. आणि आपल्याकडे तर मसाल्याला हा गॅस वापरायला परवानगीच नाही. कागदावर आपण अमेरिकेहून कडक. प्रत्यक्षात कोण किती वेळा तपासतं यावर सगळं.

लोकलची_खिडकी
मला एक कळत नाही, आपल्याकडे इशारे नाहीत असं का म्हणताय सगळे. अजिनोमोटो म्हणजे एमएसजी घातलेल्या पाकिटावर बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नका असं असतं. एनर्जी ड्रिंकवर मुलं आणि गरोदर बायकांसाठी सूचना असते. शुगरफ्री गोळ्यांवर पण असते. पानमसाल्यावर तर आता पुढच्या बाजूचा अर्धा भाग इशाऱ्याने भरायचा नियम आहे. आमच्या डब्यातले काका रोज तो अर्धा भाग फाडून तोंडात ओततात.

पोटोबा
इशारा वाचून काढून टाकतात. आज्ञाधारक माणूस.

आईची_धांदल
असतात, पण कुठे असतात बघा ना. पाकिटाच्या दुमडीत, चंदेरी कागदावर पांढऱ्या अक्षरात. आणि पाच रुपयांच्या पुड्यांवर तर तेही नाही. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर घटकांची यादी न छापण्याची सूट आहे, ती मोठ्या खोक्यावर असली की झालं. खोकं वाण्याकडे, पुडी मुलाच्या खिशात.

गिरणगावकर
अवांतर होतंय पण लेबल लेबल करताय आणि स्टेशनबाहेर वडापाव खाताना काय? पेपरात बांधून देतो. गरम वडा, तेल, आणि वरची बातमी उलटी होऊन पावावर उमटते. मी एकदा पावावर शेअर बाजाराचा भाव वाचला आहे.

विरारफास्ट
वर गेला होता का खाली?

गिरणगावकर
खाल्ल्यावर खाली गेला.

परीक्षानळी
काका, अवांतर नाही हे. छपाईच्या शाईत जड धातू आणि इतर रसायनं असू शकतात, गरम तेलात ती सहज उतरतात. पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमात अन्न वर्तमानपत्रात बांधायला किंवा झाकायला स्पष्ट मनाई आहे. पण वड्याला लेबल नाही, त्यामुळे कोणाला इशारा दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. मसाल्याच्या पाकिटापेक्षा मला हे जास्त खुपतं.

लोकलची_खिडकी
आमच्याकडे एक बाई डबा पुढे करतात, "यात घाला" म्हणून. गाडीवाला आधी हसायचा, आता स्वतःच विचारतो डबा आणलाय का.

संपादक_मंडळ
वडापावसाठी कृपया वेगळा धागा काढावा. भूक लागते.

चहाबाज
मी २०१५ पासून कुठल्याच लेबलवर विश्वास ठेवत नाही. मॅगी आठवा. एका लॅबला शिसं जास्त सापडलं, दुसऱ्या लॅबला मर्यादेत, जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. लॅबमध्येच एकमत नाही तिथे आपण पाकीट वाचून काय दिवे लावणार.

परीक्षानळी
कोर्टाने मॅगी शुद्ध आहे असा दाखला दिला नव्हता. कंपनीचं म्हणणं ऐकून न घेता बंदी घातली आणि ज्या लॅबमध्ये चाचण्या झाल्या त्यांना नीट मान्यता नव्हती, हे कारण होतं. पुन्हा मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासायला सांगितलं आणि त्यात ती पास झाली. रिपोर्ट बघताना लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे का हे आधी बघायचं, ते त्यासाठीच. आणि त्या प्रकरणात "नो अ‍ॅडेड एमएसजी" ही ओळ पाकिटावरून गेली ती गेलीच. म्हणजे लेबल हलतं, कोणी धरून हलवलं तर.

चहाबाज
बरं. चहावर तरी काही काढू नका कोणी.

पुणेरी_चष्मा
गरम पेयं ६५ अंशांच्या वर प्यायली तर कॅन्सरच्या 'बहुधा कारणीभूत' यादीत आहेत, २०१६ पासून.

चहाबाज
हा माणूस ब्लॉक कसा करतात?

मुलुंडची_मैना
बाप रे, एवढ्या प्रतिक्रिया! सगळ्या वाचल्या. ग्राहकमित्र, तुम्ही सविस्तर लिहितो म्हणाला होतात. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? करायचं काय?

ग्राहकमित्र_पार्ले
हो ताई, ऑफिसात होतो. स्वतःचा अनुभव आधी सांगतो म्हणजे कल्पना येईल.

मागच्या उन्हाळ्यात एक सरबताची बाटली आणली. पुढे मोठ्या अक्षरात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, मागे बारीक अक्षरात २११. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हच. बाटली उघडली नाही, बिल ठेवलं, चारी बाजूंनी फोटो काढले, त्यात बॅच नंबर नीट वाचता येईल असा एक. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार टाकली आणि १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही. कंपनीचा फोन आला, साहेब तुम्हाला गिफ्ट हॅम्पर पाठवतो. मी म्हटलं हॅम्पर नको, ती ओळ काढा आणि मला लेखी कळवा. दोन-तीनदा फोनवर तेच. शेवटी मेल आली की लेबलची पुढची खेप बदलतोय. आता दुकानात जी बाटली आहे तिच्यावर ती ओळ नाही. सरबत तेच असणार म्हणा, पण निदान खोटं लिहिलेलं नाही.

दुसरं, फारसं कोणाला माहीत नसलेलं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं ४० वं कलम. कुठलाही ग्राहक फी भरून सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि त्यात खोट निघाली तर फी परत मिळते. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासणीला पाठवणार आहे.

विरारफास्ट
"शेठ, पावशेर हळद द्या, तपासणीला पाठवायची आहे." शेठ हळदीबरोबर दुकानाची किल्ली देईल.

ग्राहकमित्र_पार्ले
हसा, पण तेवढ्या वाक्याने शेठ मागच्या गोणीऐवजी सीलबंद पाकीट काढतो, बघितलंय मी.

आणि नुकसान झालं असेल, पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन ई-जागृतीवर करता येते, वकील सक्तीचा नाही. एकट्याने जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून काम करतेय. भेसळीचा संशय असेल तर राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात).

चहाबाज
एवढं सगळं एका मसाल्यासाठी कोण करणार? नोकरी सांभाळू की बाटल्यांचे फोटो काढू? आणि इन्स्पेक्टर किती, दुकानं किती. दिवाळीला खवा पकडला की वर्षभराचं काम झालं.

लोकलची_खिडकी
चहाबाज, हे खरं आहे. म्हणूनच नियम वरून बदलायला हवा, प्रत्येकाने भिंग घेऊन फिरण्यापेक्षा. चिलीत २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असली की पाकिटाच्या पुढे काळा अष्टकोन. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. आपल्याकडे समोरच्या बाजूच्या इशाऱ्यासाठी जनहित याचिका झाली, सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या एप्रिलमध्ये तीन महिन्यांत ठरवा म्हणून सांगितलं. त्याआधी २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे द्यायचं घाटत होतं, हॉटेलसारखे! वेफर्सला अडीच तारे, चेक-इन बारा वाजता.

परीक्षानळी
ते अष्टकोन आले तरी शिशाचं काही त्यावर येणार नाही हे लक्षात घ्या. साखर-मीठ कंपनी स्वतः घालते म्हणून लिहू शकते. शिसं कोणी पाककृतीत घालत नाही, ते जमिनीतून, दळण्याच्या यंत्रातून, नाहीतर रंग चढवणाऱ्या भामट्याकडून येतं. घटकांच्या यादीत ते कधीच दिसणार नाही. त्याला चाचणी हाच उपाय.

म्हणून मैनाताई, तुमच्यासाठी. मसाला फेकू नका. हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या, आणि भगभगीत पिवळी, पॉलिश केल्यासारखी दिसणारी घेऊ नका, त्या रंगासाठी लेड क्रोमेट लावल्याची प्रकरणं झाली आहेत. एकाच ब्रँडला चिकटून राहू नका. मुलाची फार काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते, ती मसाल्याच्या तपासणीपेक्षा थेट उत्तर देते. आणि कंपनीला तुमच्या पाकिटाचा बॅच नंबर देऊन शिशाचा रिपोर्ट मागा. निर्यातीच्या मालाचा रिपोर्ट त्यांच्याकडे बहुतेक असतोच.

गिरणगावकर
आमच्या इथे डंक अजून चालू आहे. शिमग्याच्या आधी नंबर लावावा लागतो.

आईची_धांदल
काका पत्ता द्या, व्यक्तिगत निरोप करा.

मुलुंडची_मैना
परीक्षानळी, ग्राहकमित्र, खूप आभार. परवाच कंपनीला मेल टाकली होती बॅच नंबरसकट, दोन्ही पाकिटांचे फोटो जोडून. आज उत्तर आलं. "सदर इशारा विशिष्ट राज्याच्या कायद्यानुसार आहे, आमची सर्व उत्पादनं भारतीय मानकांच्या मर्यादेत आहेत, आमच्यावरील विश्वासाबद्दल आभार." सोबत रेसिपीची लिंक. पनीर मखनी. १९१५ वर पण नोंदवलंय, डॉकेट म्हणजे तक्रारीचा नंबर मिळाला.

ग्राहकमित्र_पार्ले
छान. आता त्याच मेलला उत्तर द्या. मर्यादेत म्हणजे किती, या बॅचमध्ये शिसं किती पीपीएम निघालं आणि कुठल्या लॅबने तपासलं, एवढे तीनच प्रश्न. डॉकेट नंबर विषयात टाका. मेलचा मसुदा मी करून देतो, ज्यांच्या घरी तोच मसाला आहे त्यांनी आपापला बॅच नंबर टाकून पाठवा, वेगवेगळ्या बॅचचे आकडे आले तर इथे एकत्र लावू.

चहाबाज
माझ्याकडे आहे तो मसाला. पाकिटावरचा बॅच नंबर मात्र पुसला गेलाय, एमआरपीच्या खाली कुठेतरी होता.

ग्राहकमित्र_पार्ले
पाकीट तिरकं धरून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघा, ठसा दिसतो. नाहीच दिसला तर ती वेगळी तक्रार, बॅच नंबर वाचता आलाच पाहिजे असा नियम आहे.

विरारफास्ट
माझ्याकडे तोच. बॅच नंबर दिसतोय. मसुदा टाका, अंधेरी ते विरार उभ्यानेच पाठवतो.